आभाळातल्या डोळ्याला आमची गल्ली दिसते का?

दोस्तांनो,

तुमच्या पत्रांचा गठ्ठा चाळताना या आठवड्यात एका पत्रापाशी मी बराच वेळ थांबलो. पत्र सातवीतल्या एका मुलीचं आहे. ‘माझं नाव छापू नका’ असं तिनं खाली दोन रेघा मारून लिहिलंय, म्हणून नाव छापत नाही. पत्र मात्र तुम्हां सगळ्यांना वाचून दाखवतो.

‘विज्ञानकाका, सा. न. आमचं घर मोठ्या सिग्नलच्या मागच्या गल्लीत आहे. वर पत्रा आहे. माझ्या धाकट्या भावाला दमा आहे. थंडीत रात्री त्याची छाती वाजते, मग आई त्याला मांडीवर घेऊन बसून राहते. उन्हाळ्यात पत्रा इतका तापतो की रात्रीसुद्धा खोली निवत नाही. शाळेत बाईंनी सांगितलं, की उपग्रह वरून हवेतलं प्रदूषण मोजतात, जमीन किती तापली तेही मोजतात. मग त्यांना आमची गल्ली दिसते का? आणि दिसत असेल, तर कुणी काही करत का नाही?’

पत्रात दोन प्रश्न आहेत. पहिला सरळ विज्ञानाचा आहे. दुसरा नुसत्या विज्ञानाचा नाही, पण तो टाळून चालणार नाही. आज दोन्हींची उत्तरं शोधू या. माझ्या छोट्या मैत्रिणी, तू नीट वाच हं! आणि बाकीच्यांनीही वाचा. सिग्नल, पत्रा आणि दमा फक्त हिच्याच गल्लीत आहेत असं थोडंच आहे?

उपग्रहाला नाक नसतं!

शहराच्या हवेवर नजर ठेवणारा एक उपग्रह आहे, सेंटिनेल-५ पी. युरोपच्या अवकाश संस्थेनं तो १३ ऑक्टोबर २०१७ रोजी सोडला. तो जमिनीपासून ८२४ किलोमीटर उंचीवरून फिरतो. मुंबईहून नागपूरला रेल्वेनं जाताना जेवढं अंतर कापावं लागतं, साधारण तेवढंच, पण सरळ वर! तिथं जवळजवळ हवाच नाही. मग तो हुंगणार काय?

तो हुंगत नाही, बघतो. त्याच्यावर ट्रोपोमी नावाचं एक उपकरण आहे. सूर्याचा प्रकाश हवेतून खाली येतो, जमिनीवर आपटतो आणि त्यातला थोडा पुन्हा हवेतूनच वर जातो. ट्रोपोमी हा परत आलेला प्रकाश पकडतं आणि लोलकातून सात रंग पाडावेत तसा त्याला सुटा करतं. सातच नव्हे, त्याहून कितीतरी बारीक छटांमध्ये. मग बघतं, की कोणती छटा किती कमी झालीय.

समजा, आईनं दिवाळीत डबे भरून ठेवले. दुसऱ्या दिवशी बघितलं तर लाडू कमी आणि चिवडा जसाच्या तसा. खाणारा कुणी बघितला नाही. पण आईला बरोब्बर कळतं, की हे लाडूवाल्याचं काम! वायूंचंही असंच असतं. प्रत्येक वायू प्रकाशातल्या आपल्या आवडीच्या छटा गिळतो. नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू जांभळ्या-निळ्या छटांवर ताव मारतो. म्हणूनच तो साठला की तांबूस-तपकिरी दिसतो. त्या छटा जितक्या कमी, तितका तो वायू जास्त. आणि डबा मुळात किती भरलेला होता हे ठाऊक असावं, म्हणून ट्रोपोमी थेट सूर्याचा प्रकाशही मोजून ठेवतं. आहे की नाही गंमत?

आता या वायूच्याच मागे का लागायचं? कारण तो गाड्यांची इंजिनं, कारखाने आणि वीजकेंद्रं यांतून निघतो. इंजिनात इतकी भयंकर उष्णता असते, की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन असले वायू तयार होतात. त्यानं श्वासनलिका चुरचुरतात, सुजतात. दम्याच्या माणसाला तो जास्तच छळतो. उन्हात त्याचं आयुष्य फक्त काही तासांचं. फार लांब जायच्या आतच तो बदलून जातो. म्हणून नकाशावर तो जिथं दाट दिसतो, त्याच्या आसपासच तो निघालेला असतो. चोर घराजवळच सापडावा तसं!

गाड्या थांबल्या तेव्हा

हे सगळं खरंच चालतं का, याची एक परीक्षा अचानकच झाली. तुमच्यातले काही जण तेव्हा अगदी लहान असतील. २५ मार्च २०२० पासून करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी सुरू झाली. रस्त्यावर गाडी नाही, कारखान्याचा भोंगा नाही. सेंटिनेल-५ पीच्या नकाशांत शास्त्रज्ञांनी बघितलं, तर मुंबई आणि दिल्लीवरचा नायट्रोजन डायऑक्साइड आदल्या वर्षी त्याच दिवसांत होता त्यापेक्षा सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी घटलेला!

आणखी एक गोष्ट दिसली. देशात काही ठिकाणचे डाग पुसले गेले नाहीत. ते होते कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांपाशी. टाळेबंदीतही दिवे आणि पंखे तर चालूच होते ना! म्हणजे कोणता धूर गाड्यांचा आणि कोणता विजेचा, हेही वरून ओळखता आलं. एवढं मोठं चित्र जमिनीवर उभं राहून कुणालाच दिसलं नसतं.

तेव्हा मैत्रिणी, पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर ‘हो’ असं आहे. तुझं शहर दिसतं, चांगलंच दिसतं. पण गल्ली? त्यासाठी एक प्रयोग करू.

कोकम सरबताचा प्रयोग

सारखे दोन काचेचे पेले घ्या. पांढऱ्या कागदावर ठेवा. दोन्हींत सारखंच पाणी घाला. आता दोन्हींत एकेक चमचा साखर घातलेलं कोकमाचं दाट सिरप सोडा. पहिल्या पेल्यात ते चमच्याच्या कडेनं अलगद तळाशी जाऊ द्या, मुळीच ढवळू नका. दुसऱ्या पेल्यातलं छान ढवळून टाका.

आता बाजूनं बघा. पहिल्या पेल्यात तळाशी लालभडक थर, वर स्वच्छ पाणी. दुसऱ्यात सगळीकडे फिकट गुलाबी. फरक चटकन दिसतो. आता उभे राहा आणि पेल्यांत सरळ वरून डोकावून बघा. दोन्ही जवळपास सारखेच लाल दिसतात! कारण वरून बघताना तुमची नजर पाण्याच्या सगळ्या थरांतून तळापर्यंत जाते. रंग तळाशी साचलाय की सगळीकडे पसरलाय, हे तिला कळत नाही. एकूण किती आहे तेवढंच कळतं.

उपग्रहाची नजर अशीच वरून येते. जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेच्या उभ्या खांबात तो वायू एकूण किती, हे तो सांगतो. पण आपण कुठं राहतो? पेल्याच्या तळाशी! उन्हाळ्याच्या दुपारी जमीन तापते, हवा उकळल्यासारखी वर-खाली होते आणि धूर उंच उंच पसरतो. हा झाला ढवळलेला पेला. थंडीच्या रात्री आणि पहाटे मात्र जमिनीलगतची हवा गार आणि जड होऊन खालीच बसते. सगळा धूर आपल्या नाकाशी तळाला राहतो. हा न ढवळलेला पेला. वरून दोन्ही सारखे दिसले, तरी तळाशी श्वास घेणाऱ्याला ते सारखे नसतात. भावाची छाती थंडीतच जास्त वाजते असं तू लिहिलंस ना? थंडी आणि सर्दी हीसुद्धा त्याची कारणं असतील, पण हा तळाशी साचलेला थरही विसरू नकोस.

प्रयोग झाल्यावर सरबत पिऊन टाका. विज्ञानात काहीही वाया घालवायचं नसतं!

चौकट, वेळ आणि ढग

आणखी तीन अडचणी आहेत. पहिली चौकटीची. सेंटिनेल-५ पीचा नकाशा छोट्या छोट्या चौकटींचा बनलेला असतो. सर्वांत बारीक चौकट साडेपाच किलोमीटर लांब आणि साडेतीन किलोमीटर रुंद. तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायला तासाहून जास्त लागेल. त्या चौकटीत तुझा सिग्नल, भाजीबाजार, बाग आणि तळं या सगळ्यांचा मिळून एकच आकडा येतो. वर्गातल्या साठ मुलांचे सरासरी गुण सांगितले, तर बंड्याला गणितात किती मिळाले ते कळेल का?

दुसरी अडचण वेळेची. हा उपग्रह आपल्यावरून दिवसा जातो तो साधारण दुपारी दीडच्या सुमाराला. सकाळी सातची शाळेची गर्दी आणि रात्री आठचा खोळंबा त्याच्या वाट्याला येत नाही. तिसरी अडचण ढगांची. ढगाखालची हवा त्याला दिसत नाही. म्हणजे पावसाळ्यात मुंबई-कोकणाचे कितीतरी दिवस त्याच्या वहीत कोरेच!

म्हणून शास्त्रज्ञ नुसत्या उपग्रहावर विसंबत नाहीत. जमिनीवरच्या मोजणी केंद्रांचे आकडे, वारा, तापमान आणि उपग्रहाचा नकाशा हे सगळं एकत्र करून ते संगणकावर हिशेब मांडतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी शहरांच्या हवेचा अंदाज सांगणारी ‘सफर’ नावाची यंत्रणा उभी केली. ती आधी दिल्लीत सुरू झाली, मग पुण्यात, मुंबईत आणि अहमदाबादेत.

आता पत्र्याकडे वळू या

उष्णता मोजणारे डोळे वेगळे असतात. चुलीवरच्या तव्याला हात न लावताही आच लागते ना? तापलेल्या वस्तूतून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण निघतात, त्यांची ती आच. जितकी वस्तू गरम, तितके किरण जास्त. उपग्रह ते किरण मोजून जमिनीचं, छताचं, झाडाच्या शेंड्याचं तापमान काढतात. लक्षात ठेवा, हे पृष्ठभागाचं तापमान. बातम्यांत सांगतात ते असतं सावलीतल्या हवेचं. दोन्हींची गल्लत करायची नाही.

इथं चौकटी बऱ्याच लहान असतात. लँडसॅट-८ हा उपग्रह सुमारे शंभर मीटरची चौकट बघतो, म्हणजे एखाद्या मोठ्या शाळेच्या मैदानाएवढी. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २०१८ साली बसवलेलं इकोस्ट्रेस नावाचं उपकरण त्याहून बारीक बघतं आणि रात्रीही बघतं. ५ मे २०२२ च्या रात्री, बारा वाजायच्या थोडं आधी, त्यानं दिल्ली आणि आसपासचा भाग टिपला. उत्तर भारतात तेव्हा उष्णतेची लाट होती. शहरातली पृष्ठभागं मध्यरात्रीही ३९ अंशांपर्यंत तापलेली, आणि जवळच्याच शेतांची जमीन निवून १६ अंशांच्या आसपास आलेली! त्या चित्रात लहान लहान खेडीसुद्धा गरम ठिपक्यांसारखी उठून दिसत होती.

असं का होतं? माठातलं पाणी गार कशानं राहतं ते आठवा. पाणी पाझरतं, त्याची वाफ होते आणि जाताना ती उष्णता घेऊन जाते. झाडं आणि ओली शेतं म्हणजे मोठमोठे माठच. सिमेंट आणि डांबराला हे जमत नाही. ते दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर थोडं थोडं बाहेर सोडतात. वर दाटीवाटीच्या भिंती, गाड्यांची आणि वातानुकूलन यंत्रांची बाहेर फेकलेली गरम हवा. शहर निवणार कसं?

तुझ्या खोलीचंही असंच. पातळ पत्रा दुपारी झटकन तापतो आणि रात्री झटकन निवतो. पण दिवसभर त्यानं खाली ओतलेली उष्णता भिंती आणि फरशी धरून ठेवतात. वारा खेळायला जागा नसली, की ती रात्रभर तिथंच.

आता एक चकवा सांगतो. चकचकीत धातू तापला तरी त्यातून अवरक्त किरण कमी निघतात. त्यामुळे नव्या कोऱ्या पत्र्यांची वस्ती उपग्रहाला आहे त्यापेक्षा गार वाटू शकते! म्हणजे आत माणसं घामानं निथळतायत आणि नकाशावर मात्र गार रंग. शास्त्रज्ञ हा फरक हिशेबात धरायचा प्रयत्न करतात. पण छपरं सरमिसळ असली, काही गंजलेली, काही नवी, काही सिमेंटची, की चूक राहू शकते. अशा वेळी कुणीतरी खोलीत जाऊन तापमापक बघावाच लागतो.

आणि छताखालचं तर उपग्रहाला काहीच दिसत नाही. डासांची कॉइल, धूप, बंद खोलीतली शेगडी हा धूर कुठल्याच नकाशात येत नाही.

मग कुणी काही करत का नाही?

आता तुझा दुसरा प्रश्न. खरं सांगू? दिसणं वेगळं आणि करणं वेगळं. नकाशा आपणहून उठून कुणाच्या छताला रंग लावत नाही. पण मोजल्यामुळे माणसं उठली, असं घडलेलं आहे.

मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, असं नंतरच्या मोजणीत दिसलं. एरवी हे मृत्यू ‘उन्हाचा त्रास’ म्हणून विसरले गेले असते. आकडा समोर आला आणि २०१३ साली त्या महापालिकेनं उष्णतेशी लढायचा आराखडा केला. लाट येण्याआधी लोकांना सावध करायचं, पाण्याची सोय करायची, दवाखान्यांना तयार ठेवायचं. पुढे गरीब वस्त्यांतल्या छतांना पांढरा चुना लावायचं कामही हाती घेतलं. पांढरा रंग ऊन परतवतो, त्यामुळे खालची खोली काही अंश कमी तापते. आपल्या नागपूरनंही अहमदाबादच्या पाठोपाठ असा आराखडा केला.

तेव्हा तुझ्या गल्लीचा आकडा कुठून येणार? तो तुला आणि तुझ्या मैत्रिणींना आणावा लागेल. उपग्रहाची चौकट जिथं संपते, तिथून तुमची वही सुरू होते.

कसं करायचं ते सांगतो. शाळेतल्या बाईंकडून खोलीचं तापमान मोजायचा तापमापक मागून घ्या. तापाचा नको, तो यासाठी चालत नाही. सात दिवस, रोज तीनदा म्हणजे सकाळी सात, दुपारी दीड आणि रात्री नऊ वाजता तापमान लिहा. एकीनं पत्र्याच्या खोलीत, एकीनं स्लॅबच्या घरात आणि एकीनं झाडाच्या सावलीत. तापमापकाला ऊन लागता कामा नये. त्याच वेळी खिडकीतून दहा मिनिटं सिग्नलवरच्या गाड्या मोजा. मोजायला रस्त्यावर उतरायचं नाही आणि तापलेल्या पत्र्यावर मुळीच चढायचं नाही, हं! शेजारच्या रकान्यात आपल्या शहरातल्या सर्वांत जवळच्या मोजणी केंद्राचा हवेचा निर्देशांक लिहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ तो जाहीर करतं, मोठ्या माणसांच्या फोनवर बघता येईल. आणि भावाची छाती कोणत्या रात्री वाजली, तेही लिहा.

सात दिवसांत फार मोठा शोध लागणार नाही. पण वही भरत गेली की तिच्यात काहीतरी दिसायला लागतं. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड नावाचा एक गृहस्थ होता. औषधं बनवणं हा त्याचा धंदा. उपग्रह सोडा, तेव्हा विजेचा दिवासुद्धा नव्हता. शहराबाहेर तो वर्षानुवर्षं रोज तापमान लिहीत राहिला आणि शहरातल्या आकड्यांशी ताडून बघत राहिला. त्याच्या लक्षात आलं, की रात्री शहर आसपासच्या गावांपेक्षा सरासरी सुमारे दोन अंश सेल्सिअस जास्त गरम असतं. शहराची उष्णता अशी पहिल्यांदा पकडली गेली, ती एका तापमापकानं आणि एका वहीनं!

आई-बाबांसाठी दोन शब्द. वही भरली, की ती वॉर्ड ऑफिसात आणि शाळेच्या पालकसभेत घेऊन जा. ‘फार उकडतं हो’ हे वाक्य ऐकून सोडून देता येतं. ‘रात्री नऊला आमच्या खोलीत इतके अंश आणि बाहेर झाडाखाली इतके’ हे तसं सोडून देता येत नाही. दम्याच्या मुलाची औषधं डॉक्टरांच्या सल्ल्यानंच चालू ठेवा. बरं वाटतंय म्हणून मध्येच बंद करू नका. तो झोपतो त्या खोलीत कॉइल आणि धूप नको. सिग्नलच्या गर्दीच्या वेळी रस्त्याकडची खिडकी लावून दुसऱ्या बाजूची उघडी ठेवता आली तर ठेवा.

आणि मैत्रिणी, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर असं: आभाळातल्या डोळ्याला तुझं शहर दिसतं, तुझी वस्ती थोडीफार दिसते. तुझा भाऊ आणि त्याला मांडीवर घेऊन बसलेली आई मात्र दिसत नाही. ती तुला दिसतात. म्हणून तुझ्या पत्राची मी इतकी वाट बघणार आहे. सात दिवसांचे आकडे पाठव. बाकीच्यांनीही पाठवा. गावाचं नाव, छत कशाचं आहे ते आणि तिन्ही वेळचं तापमान एवढं पोस्टकार्डावर लिहिलंत तरी पुरे. सगळ्यांचे आकडे जमले, की याच पानावर आपण त्यांचा एक तक्ता मांडू.

तोवर कोकम सरबत जपून, आणि निरीक्षण मात्र मनसोक्त!

तुमचा,
विज्ञानकाका